डिझेल गाडीत ॲडिटिव्ह टाकून खरंच फायदा होतो का?

चिल्हार फाट्याहून तारापूर एमआयडीसीकडे जाणारा टेम्पो असो की सातपाटीची बोट, ‘एक बाटली टाका, ॲव्हरेज वाढेल’ हा सल्ला सगळ्यांनाच मिळतो. मी सॉफ्टवेअरवाला. नवं ॲप टाकण्याआधी तेच काम फोन आधीपासून करतोय का, हे बघतो. इथेही तेच बघूया.

डिझेलमध्ये आधीच काय असतं?
१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. बीएस-४ डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमपर्यंत चालायचं, आता मर्यादा १० आहे. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो. तो भरून काढणारं ॲडिटिव्ह पंपावर येण्याआधीच मिसळलेलं असतं. सीटेन, म्हणजे डिझेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा, किमान ५१ लागतो. त्यामुळे धडधाकट इंजिनात सीटेन बूस्टरचा फरक जाणवणं कठीण. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून मिळणारी बाटली तर पालघरच्या हवेत बिनकामाची.

इंजिन ऑइलचं काय?
चांगल्या ऑइलमध्ये मळ धरणारी आणि झीज रोखणारी रसायनं मोजून घातलेली असतात. वरून आणखी ओतलं की प्रमाण बिघडतं. अशा काही रसायनांची राख डीपीएफ फिल्टरमध्ये साचते. काजळी जळून जाते, राख जात नाही, आणि हा फिल्टर महाग असतो. अमेरिकेत ‘स्लिक ५०’ या ऑइल ॲडिटिव्हच्या दाव्यांवर १९९० च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली होती.

मग उपयोग कधी?
• इंजेक्टरवर थोडा थर बसला असेल तर चांगला क्लीनर मदत करतो. झिजलेला इंजेक्टर मात्र बाटलीने दुरुस्त होत नाही.
• १ जूनपासून मासेमारी बंद असते, बोटी उभ्या राहतात. अर्ध्या टाकीत दमटपणाचं पाणी जमतं आणि त्यात जंतू वाढून चिकट गाळ होतो. आधी पाणी काढा, मग जंतुनाशक ॲडिटिव्ह टाका आणि फिल्टर बदला. पाणी तसंच ठेवलं तर गाळ परत येणार.

एक गल्लत टाळा
डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. त्याची टाकी वेगळी असते. ते डिझेलमध्ये गेलं असेल तर गाडी सुरूच करू नका.

माझं मत सरळ आहे: बाटलीचे पैसे मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडच्या ऑइलवर आणि वेळेवर फिल्टर बदलण्यावर घाला. वॉरंटी असेल तर काहीही ओतण्याआधी मॅन्युअल वाचा.