काळी पिकवते, पांढरी सांगते



नांगरताना फाळाला कधी खापराचा तुकडा लागतो. कधी विहीर खणताना राखेचा थर लागतो, हाडं निघतात, एखादा मणी हाती येतो. आपण काय करतो? बघतो, बांधावर टाकतो आणि पुढचं तास धरतो. पेरणीच्या घाईत दुसरं सुचत नाही, हे खरंच आहे. पण त्या खापरात तुमच्या-आमच्या शेतीचा जुना हिशेब असतो. पाऊस कधी कमी झाला, रान कधी विरळ झालं, लोक कधी गाव सोडून गेले, हे त्यातून कळतं. तो हिशेब शास्त्रज्ञ कसा वाचतात आणि आपल्याला त्याचा काय उपयोग, ते आज पाहू.

पांढरी म्हणजे काय?

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. तापीकाठच्या कुणालाही विचारा, तो सांगेल. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी माणसं राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरं उठली, चुलीची राख साचली, शेण-कचरा कुजला. त्यातून जमीन उंच होत गेली आणि मातीला फिकट रंग आला. हेच पांढरीचं टेकाड. वरचा थर नवा आणि खालचा जुना. हे टेकाड उभं कापलं की जुन्या वहीची पानं उलटावीत तसा काळ मागे मागे जातो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातच अशी एक नामांकित पांढरी आहे. शहादे तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं प्रकाशे. देवदर्शनाला तुम्ही तिथे गेला असाल. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. तळाशी रंगीत नक्षीच्या खापरांची वस्ती निघाली. ते लोक तांबं वापरत आणि दगडाची धारदार पाती करत. त्यांचा काळ सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यानंतर मात्र ती जागा काही काळ ओस पडली. पुन्हा वस्ती झाली तेव्हा आलेल्या लोकांपाशी लोखंड होतं. इतक्या चांगल्या पाण्याच्या जागेवरून पहिले लोक का गेले असतील? हा प्रश्न मनात ठेवा. पुढे तोच महत्त्वाचा आहे.

त्याहून मागे काय होतं?

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे गाव आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघोट्या कोरलेले तुकडे सापडले. काळ अंदाजे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा मोकळ्या माळरानाचा, गवताचा पक्षी. आज तो आफ्रिकेत राहतो. म्हणजे आपल्या खानदेशात एके काळी शहामृग धावत होते! सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा इथे १९८२ साली अतिप्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. तेव्हा हा डोंगर, ही नदी आणि माणूस यांची ओळख फार जुनी आहे.

शास्त्रज्ञ हे ओळखतात कसं?

यात जादू नाही. चार साध्या रीती सांगतो.

एक, कोळसा. झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेतं. त्यातला थोडासा कार्बन हळूहळू विरत जाणारा असतो. झाड तोडलं की नवा कार्बन येणं थांबतं, आणि हा विरणारा भाग सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. जुन्या चुलीतल्या कोळशात तो किती उरला हे मोजलं की वय निघतं. ही रीत १९४९ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाली.

दोन, जळके दाणे. राखेची माती पाण्यात ढवळली की जळालेले हलके दाणे वर तरंगतात. दाण्याच्या आकारावरून गहू, जव की मसूर ते ओळखता येतं.

तीन, फुलांचे पराग. परागाचं कवच चिवट असतं. तळ्याच्या गाळात ते हजारो वर्षं टिकतं. कुठल्या थरात झाडांचे पराग जास्त आणि कुठल्या थरात गवताचे, हे पाहिलं की आजूबाजूचं रान कसं बदललं ते दिसतं.

चार, हाडं. पाळीव गुरांची किती, हरणांची किती, हे मोजलं की लोक शेतीवर जगत होते की शिकारीवर, याचा अंदाज येतो. माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या हाडांवरून आणि दातांवरून पोटाला किती मिळत होतं तेही कळतं.

इनामगावची कथा

या सगळ्या रीती एका गावाला लावून पाहिल्या गेल्या. ते गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या मंडळींनी ते काम पाहिलं. शंभरावर घरं उघडी झाली.

इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास तिथे शेतकरी वस्ती होती. मुख्य पीक जव. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. घरं चौकोनी आणि ऐसपैस. धान्याच्या कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे केलेले. रांजण टेकवायला चार सपाट दगड मांडलेले. आपल्या आजीच्या घरची आठवण यावी असा संसार! नदीच्या पुराचं पाणी वळवून शेताकडे नेण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि त्याला बांध घातला होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पाण्याची किंमत कळत होती.

मग इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे चित्र पालटतं. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. गहू जवळजवळ नाहीसा होतो. हरणांची हाडं वाढतात. घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेल्या मुलांची हाडं तपासली, तेव्हा या शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं.

का? ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी होत गेला, शेती परवडेना, म्हणून लोक शेळ्या-मेंढ्या घेऊन भटके झाले. पुष्कळ वर्षं हेच मानलं जात होतं. पण पुढे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळाचा अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन लांब कोरडे काळ दिसले. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगाव पडलं ते सुमारे २,७०० वर्षांपूर्वी. म्हणजे ते या दोहोंच्या मध्ये येतं. म्हणून काही अभ्यासक आता विचारतात : सगळा दोष पावसाचाच का? त्याच त्या जमिनीतून पीक काढून, आसपासची झाडं तोडून, गुरं चारून लोकांनीच आपल्या पायाखालची जमीन थकवली नसेल का?

हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटेपर्यंत आपल्याला थांबायचंही नाही. कारण पाऊस आपल्या हातात नाही, पण जमीन आहे. पाऊस हटला आणि जमीनही थकलेली असली, तर माणसाला दोन्हीकडून मार बसतो. १९७२ च्या दुष्काळाची झळ ज्यांनी सोसली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काठीच्या डोंगरात याचा अर्थ काय?

काठी, मोलगी, अक्कलकुवा, धडगाव इकडचे आमचे श्रोते म्हणतील, हे नदीकाठच्या सपाटीवरच्या काळीचं झालं. आमची शेतं उतारावर, आमचे पाडे विखुरलेले. खरं आहे. म्हणूनच तुम्हाला जास्त जपायला हवं. सपाटीवरची माती थकते, पण जागेवर राहते. उतारावरची माती पावसाबरोबर ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत. ती परत येत नाही.

काठीची राजवाडी होळी इसवी सन १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. होळीला उंच बांबू उभा राहतो, पहाटे होळी पेटते, लांबलांबचे पाडे नाचत येतात. विचार करा, असा बांबू मिळायला तसं रान लागतं. रान राहिलं तरच रीत राहील. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने जंगलं राखीव केली आणि रानात राहणाऱ्यांचे हात बांधले. त्याची दुरुस्ती म्हणून २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात हक्काबरोबर ग्रामसभेला रान राखण्याचा अधिकारही दिला आहे. हक्काचा दावा करताना या दुसऱ्या अर्ध्या भागाचाही उपयोग करा.

मग करायचं काय?

१. नांगराला किंवा खोदकामात खापरं, मणी, हाडं, नाणी, मूर्ती लागल्या तर त्या जागी काम थांबवा. वस्तू घासून धुऊ नका, मूर्ती विकू नका. ज्या थरात वस्तू सापडली तो थर गेला, की वस्तू मुकी होते. तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

अशी वस्तू किती मोलाची असते? १९७४ साली दायमाबादला (आजचा अहिल्यानगर जिल्हा) एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. वजन साठ किलोच्या वर. आज जगभरचे अभ्यासक त्यांची चर्चा करतात.

२. जुन्या टेकाडाची पांढरी माती गाड्या भरून शेतात टाकू नका. तिच्यात राख आणि कुजकं असल्याने पिकाला ती मानवते, हे कबूल. पण ते खत एक-दोन हंगामांचं, आणि नाहीसा होणारा पुरावा हजारो वर्षांचा. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत यांवर भर द्या.

३. उतारावर नांगरट आडवी करा, उभी नको. समतल बांध घाला आणि बांधावर गवत राखा. फार चढाच्या जागी पीक न घेता आंबा, मोह, बांबू लावा.

४. एकाच पिकावर विसंबू नका. ज्वारी, मका, तूर, उडीद, भगर अशी मिसळ ठेवा. भगर-बंटीचं जुनं बी घरातून जाऊ देऊ नका. इनामगावच्या लोकांना गहू सोडून जवावर तगावं लागलं. हाताशी चिवट धान्य होतं म्हणूनच ते तेवढे टिकले.

५. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : कुठला झरा बारमाही होता, कुठल्या डोंगरावर साग होता, कुठलं जनावर दिसायचं? शाळेतल्या मुलांकडून ते वहीत लिहून घ्या. गाळातले पराग वाचायला प्रयोगशाळा लागते, आजोबांची आठवण वाचायला फक्त एक संध्याकाळ लागते.

बंधू-भगिनींनो, आपण आज जे शेतात करतो त्याचाही उद्या एक थर होणार आहे. पुढे कुणी खणून पाहील तेव्हा त्याला आपल्या थरात काय सापडावं, धान्याची कणगी की ओस पडलेली चूल, हे थोडंफार आपल्याच हातात आहे.

राम राम.