हे तारे कुठल्या आभाळातले?

कोट काढायची घाई करू नका. केंब्रिजमधली हिवाळी रात्र आहे. चार्ल्स नदीवरचा वारा तुमच्या पाठोपाठ एमआयटीच्या २६ क्रमांकाच्या इमारतीत शिरलाय आणि जिना चढून येईपर्यंत तुमचे कान लाल झालेत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका दाराआडून आरडाओरडा ऐकू येतोय. ढकला ते दार.

आतली ऊब एकदम अंगावर येते. थोडी यंत्राची, बरीचशी माणसांची. तेलकट कागदी फितीचा वास, सांडलेल्या कोकचा गोडसर वास आणि घामट लोकरी स्वेटरांचा वास, सगळे एकात एक मिसळलेत. दिवे मुद्दाम मालवलेत. कोपऱ्यात फ्लेक्सोरायटर खडखडतोय, कुणी तरी त्यावर नवा प्रोग्राम टाइप करतंय. भिंतीला लागून चार उंच कपाटं उभी आहेत. हा पीडीपी-१ संगणक, किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर. त्याची स्मृती ४०९६ शब्दांची. तुमच्या खिशातल्या फोनमधला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. दिवसा ह्या यंत्रावर गंभीर कामं चालतात. रात्र मात्र ह्या पोरांची.

आता कोपर वापरून पुढे सरका. इथे कुणी वाट देत नाही. सगळे त्या गोल पडद्याकडे बघताहेत. सोळा इंची काच. तिच्यावर ठिपका उमटतो तो निळा, आणि विझता विझता हिरवट-पिवळा होऊन रेंगाळतो. म्हणून प्रत्येक यानामागे एक फिकट शेपूट दिसते. यानं दोन: एक सुईसारखं सडपातळ, दुसरं पोट सुटलेलं. मध्ये लुकलुकणारा सूर्य दोघांनाही स्वतःकडे ओढतोय. एक टॉर्पेडो सुटतो, सुई फुटते, ठिणग्या उधळतात आणि तुमच्या कानाशीच कुणी तरी किंचाळतं. जिंकलेल्याचं कौतुक कुणी करत नाही. हरलेल्याची टर मात्र सगळे मिळून उडवतात.

खेळाचं नाव ‘स्पेसवॉर!’. साल १९६२, आणि तुम्ही त्याच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक आहात.

ही पोरं कुठून आली, हे त्यांच्या गप्पांतूनच कळेल. काही जण इथल्या मॉडेल रेल्वे क्लबातले. टेलिफोनचे जुने रिले जोडून छोट्या आगगाड्या पळवणारे. तिघे जण, स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन, डॉक स्मिथच्या अंतराळ-कादंबऱ्यांनी झपाटलेले. हिंगहॅम स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात बसून ते यानांच्या लढायांवर तासन्‌तास बोलत. त्या गप्पाष्टकाला त्यांनी नाव दिलं ‘हिंगहॅम इन्स्टिट्यूट स्टडी ग्रुप ऑन स्पेस वॉरफेअर’. इन्स्टिट्यूट म्हणजे ते भाड्याचं घरच.

प्रोग्राम लिहायचं रसेलने कबूल केलं आणि मग तो टाळत बसला. मित्रांनी भंडावून सोडल्यावर त्याने सबब काढली की यान फिरवायचं तर साइन-कोसाइन काढणारा प्रोग्राम लागतो, तो आपल्याकडे नाही. अॅलन कोटॉक उठला, संगणक बनवणाऱ्या कंपनीकडे मेनार्डला गेला, तिथून त्या प्रोग्रामची फीत घेऊन आला आणि ती रसेलपुढे ठेवून विचारलं, आता काय सबब? रसेलला कामाला बसावंच लागलं. ह्या खोलीत चेष्टा कधी हवेत विरत नाही. आज मारलेला टोमणा आठवड्याभरात फितीवर भोकं होऊन यंत्रात शिरतो. माझं तर ठाम मत आहे की हा खेळ जितका हुशारीने घडला, तितकाच चिडवाचिडवीने घडला.

पुरावा हवा? यानांकडे बघू नका, मागचे तारे बघा. आधी रसेलने नुसते ठिपके विखुरले होते. पीटर सॅमसनला ते बघवेना. तारे असे कसे कुठेही असतील? त्याने खगोलीय पंचांग उघडलं आणि खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांपर्यंतचं खरं आभाळ यंत्रात उतरवलं. ठळक तारे ठळक, मंद तारे मंद. नाव ठेवलं ‘एक्स्पेन्सिव्ह प्लॅनेटेरियम’. हे आभाळ अगदी सावकाश सरकतं, नजरेला जाणवतही नाही. नशीब असेल तर आत्ता तुमच्यासमोर मृग नक्षत्र आलेलं असेल. तो तिरका पट्टा, खाली व्याध, वर रोहिणी. गावाकडच्या गच्चीवरून दिसतात तेच. कृत्तिका मात्र शोधू नका. साडेबावीस अंशांच्या हद्दीच्या जराशा बाहेर पडतात, त्यामुळे राहून गेल्यात.

मग डॅन एडवर्ड्‌सची कुरकूर. नुसतं सरळ जायचं, वळायचं, गोळ्या झाडायच्या, यात कसलं डावपेचांचं कौशल्य? त्याने मध्ये सूर्य ठेवला आणि गुरुत्वाकर्षण बसवलं. यंत्राची मात्र पार दमछाक झाली. प्रत्येक टॉर्पेडोचाही मार्ग सूर्याकडे वाकवत बसायला त्याच्याकडे वेळच उरेना. मग ठरलं की हे टॉर्पेडो प्रकाशाचे आहेत, त्यांना गुरुत्वाकर्षण लागू नाही! यावर कितीही वाद घाला, इथे रात्र सरेल पण वाद सरणार नाही.

चला, तुमची पाळी आली. हातात लाकडी पेटी घ्या. अगदी सुरुवातीला यान चालवायचं ते कन्सोलवरच्या बारक्या स्विचांनी. कोपरं भरून यायची, शिवाय पडदा एका बाजूला असल्यामुळे एका खेळाडूला तो नीट दिसे आणि दुसरा मान वाकडी करून बसे. तक्रारी झाल्याच. कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी रेल्वे क्लबातलं सामान उचकून ह्या पेट्या बनवल्या. एका दांडीने यान वळतं. दुसरी मागे ओढली की जोर लागतो. टॉर्पेडोचं बटण दाबून बघा, आवाज येतो का? नाही. तो मुद्दामच ठेवलेला नाही. तुम्ही नेम धरून बटण दाबताय, हे शेजारच्याला कळता कामा नये.

सुरुवात झाली! सूर्य ओढतोय, तळहाताला घाम सुटलाय, मागून पाच जण पाच सल्ले देताहेत. सूर्याच्या जवळून गिरकी घ्या, वेग आपोआप मिळेल. दोन्ही यानांनी तसं केलं की पडद्यावर सीबीएस वाहिनीच्या डोळ्यासारखी आकृती उमटते, म्हणून ह्या चालीला इथे ‘सीबीएस ओपनिंग’ म्हणतात. इंधन जपून वापरा. डावीकडच्या कडेतून बाहेर पडलात तर उजवीकडून आत याल. पण शत्रूही तेच करेल आणि तो आत्ता तुमच्या पाठीवर आहे!

दुसरी दांडी पुढे ढकला. ही ग्रेट्झची करामत: हायपरस्पेस. तुमचं यान गायब होतं. शेजारचा खेळाडू डोळे बारीक करून पडदा धुंडाळतोय. तुम्ही कुठे बाहेर पडाल, ते तुम्हालाही ठाऊक नाही, आणि जितक्या वेळा ही उडी माराल तितका धोका वाढत जातो. तुम्ही बाहेर येता, अगदी मोकळ्या जागेत, आणि तिथेच फुटता.

खोली दणाणते. पाठीवर थाप पडते, पेटी हातातून काढून घेतली जाते आणि पुढचा गडी खुर्ची सरकवून बसतोसुद्धा. तुम्ही रांगेच्या शेवटी जा. आणि हो, तिथे उभ्या उभ्या, टॉर्पेडोही सूर्याकडे वाकायला हवेत, असं एकदा मोठ्याने म्हणून बघा. मग सकाळपर्यंत तुमची सुटका नाही.