चालत निघालेला चालक : जॅकी इक्स आणि नैतिक दैव

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या व्यावहारिक शहाणपणापाशी थांबलो होतो. आज त्याच प्रश्नाकडे मी तुम्हाला जरा आडवाटेने नेणार आहे, म्हणजे मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्याने. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हे काय काढलं, असं काहींना वाटेल. वाटू द्या.

१४ जून १९६९. फ्रान्समधलं ले मान्स. इथली शर्यत चोवीस तासांची. त्या काळी एका गाडीवर दोन चालक आळीपाळीने बसायचे, रात्रभर गाडी पळवायचे, आणि चोवीस तासांत जी सर्वांत जास्त अंतर तोडेल ती जिंकते. एरवी दुपारी चारला सुटणारी शर्यत त्या वर्षी दोनलाच सुटली, कारण दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होतं.

सुरुवातीची रीत मोठी नाटकी होती. गाड्या रस्त्याच्या एका कडेला तिरक्या उभ्या, चालक समोरच्या कडेला. झेंडा पडला की धावत रस्ता ओलांडायचा, दार उघडून आत शिरायचं आणि सुटायचं. प्रेक्षक खूश! पण तोवर गाड्यांमध्ये सुरक्षापट्टे आलेले होते, आणि ज्याला दोन सेकंद वाचवायचेत तो पट्टा कशाला बांधत बसेल? तो पुढे सरळ रस्त्यावर, भन्नाट वेगात, जमेल तसा बांधायचा. आदल्याच वर्षी विली मेरेस हा बेल्जियन चालक पहिल्या फेरीत आदळला होता. घाईत दार नीट लागलं नव्हतं. त्याची कारकीर्द तिथेच संपली.

जॅकी इक्स हाही बेल्जियनच, ब्रुसेल्सचा, वय चोवीस. झेंडा पडला, बाकीचे धावत सुटले, आणि हा मनुष्य चालत निघाला. सावकाश. गाडीत बसला, पट्टा नीट आवळला आणि सगळ्यांच्या मागून बाहेर पडला. त्याला या पद्धतीचा निषेध करायचा होता. भाषण नाही, पत्रक नाही, फक्त चाल.

त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ या इंग्रज चालकाची नवी कोरी पोर्शे ९१७ आदळली. पट्टा बांधलेला नव्हता. तो बाहेर फेकला गेला आणि मेला.

चोवीस तासांनंतर काय झालं? शेवटच्या टप्प्यात इक्सची फोर्ड जीटी ४० आणि हान्स हेरमानची पोर्शे ९०८ एकमेकींना आलटूनपालटून मागे टाकत होत्या. फोर्ड तशी जुनी. हीच गाडी आदल्या वर्षीही जिंकली होती. इक्सने डोकं लढवलं. सरळ रस्त्यावर हेरमानला मुद्दाम पुढे जाऊ द्यायचं, त्याच्या आडोशाला राहून हवेचा विरोध चुकवायचा आणि वळणाच्या आधी पुढे काढायचं. इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर जिंकले. जवळजवळ पाच हजार किलोमीटरनंतर दोन गाड्यांमधलं अंतर होतं सुमारे १२० मीटर. पुढच्या वर्षीपासून धावण्याची रीत बंद झाली. चालक पट्टे बांधून गाडीतच बसू लागले.

आपल्या घाटातली पाटी सांगते, 'अति घाई, संकटात नेई'. गोष्ट इथे संपवली तर त्या पाटीचीच गोष्ट होईल. पण माझा प्रश्न पुढे सुरू होतो. समजा, वुल्फ त्या दिवशी वाचला असता, आणि इक्स त्या १२० मीटरनी हरला असता. तर? 'चालण्यात शर्यत घालवलेला लहरी पोरगा' एवढीच त्याची नोंद राहिली असती. कृती तीच, हेतू तोच, पाऊलही तेच. निवाडा मात्र उलटा. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ साली ज्याला 'नैतिक दैव' म्हटलं ते हेच. आपण माणसाला त्याच्या कृतीवरून जोखतो असं म्हणतो, प्रत्यक्षात त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टीही तागडीत टाकतो.

इक्सने ले मान्स एकूण सहा वेळा जिंकली : १९६९, मग ७५, ७६, ७७, ८१, ८२. हा विक्रम २००५ मध्ये टॉम क्रिस्टेन्सनने मोडला. १९७७ ची शर्यत विशेष. इक्सची स्वतःची गाडी लवकरच बंद पडली, म्हणून त्याला बार्ट आणि हेवूड यांच्या खूप मागे पडलेल्या पोर्शेवर बसवलं. रात्रभर त्याने ती अशी काही हाणली की सकाळी ती पुढे होती! शेवटी एक सिलिंडर गेला. उरलेल्या पाचांवर बार्टने गाडी कशीबशी घरी आणली. म्हणजे हा मुळात सावकाश माणूस होता, असा समज करून घेऊ नका.

आता मोनॅको, जून १९८४. फॉर्म्युला वनची शर्यत, धो धो पाऊस. या वेळी इक्स गाडीत नव्हता, शर्यतीचा संचालक होता. बत्तिसाव्या फेरीत त्याने शर्यत थांबवली. आघाडीवर प्रोस्ट, त्याला गाठत आलेला तरुण सेना, आणि मागून दोघांपेक्षाही जोरात येणारा स्टेफान बेलोफ. केवढा गदारोळ झाला! प्रोस्टच्या गाडीचं इंजिन पोर्शेने बनवलेलं, इक्स पोर्शेचा चालक, मग संशयाला काय कमी? मला स्वतःला तो संशय पटत नाही. १९६९ मध्ये चालत निघालेला माणूस पावसात लाल झेंडा दाखवील, यात नवल ते काय? पण त्या दिवशी कुणी दगावलं नाही, म्हणून त्याची खबरदारी सिद्ध करायला कुणी उरलं नाही.

आणि १ सप्टेंबर १९८५. बेल्जियममधलं स्पा, इक्सच्या घरचंच मैदान. हजार किलोमीटरची शर्यत. आघाडीसाठी झगडणारे दोघे : चाळीस वर्षांचा इक्स आणि सत्तावीस वर्षांचा बेलोफ. होय, मोनॅकोतला तोच. ओ रूज नावाच्या वळणावर, जिथे दोन गाड्यांना शेजारी जागा नसते म्हणतात, तिथे बेलोफने आतून घुसायचा प्रयत्न केला. गाड्या एकमेकींना लागल्या. बेलोफ समोरच्या कठड्यावर आदळला आणि गेला. इक्सची गाडीही फिरून आदळली, तो मात्र धड बाहेर आला.

चूक कुणाची? बहुतेक जण म्हणतात, बेलोफने घाई केली. काही म्हणतात, इक्सने जागा द्यायला हवी होती. दोन्ही पक्षांची मतं ऐकताना माझ्या लक्षात येतं की, प्रत्येक जण ते एक सेकंद कमी आणि १९६९ ची ती चाल जास्त बघत असतो. आधीच्या शहाणपणाची पुण्याई या सेकंदाला लागू करायची की नाही? ॲरिस्टॉटल म्हणेल, करा, शहाणपण हा स्वभाव आहे. मला ते मान्य करणं जड जातं. वळणावर स्वभाव नाही, हात आणि डोळे असतात.

त्या मोसमानंतर इक्सने डांबरी मैदानांवरची व्यावसायिक शर्यत सोडली. डकार रॅली तो १९८३ मध्येच जिंकला होता, वाळवंटात पुढेही जात राहिला. त्याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर प्रश्नोत्तरांत बोलू. विल्यम्सचं उदाहरण मात्र पुढच्या वेळी वाचून या.