तीन वर्षांची मुदत : कर्जदारासाठी केलेला कायदा सावकाराच्या हाती कसा गेला?

१/ १२ मे १८७५. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावच्या बाजारपेठेत आसपासचे शेतकरी जमले. धान्याची दुकाने लुटली गेली. पण जमावाचा खरा रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे यांवर होता. हाती लागलेले कागद त्यांनी जाळले.

२/ कागदांवरच एवढा राग का? वाढलेला शेतसारा आणि अमेरिकन यादवी संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव ही कारणे सर्वपरिचित आहेत. मुदतीच्या कायद्याकडे मात्र कमी लक्ष जाते.

३/ मुंबई इलाख्यात लेखी कर्जाच्या वसुलीसाठी पूर्वी १२ वर्षांपर्यंत फिर्याद करता येई. १८५९ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यांसाठी ही मुदत ३ वर्षांवर आणली. जुनी कर्जे साचू नयेत आणि व्याज फुगू नये, हा हेतू होता.

४/ घडले उलटेच. मुदत संपत आली की सावकार फिर्यादीचा धाक घाली आणि नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढे.

५/ उदाहरणादाखल हिशेब पाहू. १०० रुपये, दरसाल शेकडा २४ व्याज. तीन वर्षांनी रोखा १७२ चा, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा, नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चा. एकच रोखा राहिला असता, तर नऊ वर्षांचे सरळ व्याज धरून रक्कम ३१६ झाली असती.

६/ दामदुप्पटीच्या जुन्या नियमाप्रमाणे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. म्हणजे १०० चे फार तर २००. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल झाल्यावर तो नियम निष्प्रभ ठरला. रक्कम आवाक्याबाहेर गेली की तारण म्हणून जमीन गहाण पडे. अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला कागदातील मजकूर वाचता येत नसे.

७/ दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. नीरा-भीमा संगमावरील इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर आणि पलीकडचा सोलापूर जिल्हा, असे दोन्ही काठ त्याच्या कक्षेत आले.

८/ या कायद्याने शेतकऱ्यावरील दाव्याची मुदत वाढवली : नोंदणीकृत दस्तासाठी १२ वर्षे, इतर बाबतींत ६. शिवाय न्यायालयाने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा हिशेब मुळापासून तपासावा, असे बंधन घातले. परतफेडीची पावती देणे सावकाराला भाग झाले.

९/ सावकारांनीही नवी वाट काढली. गहाणखताऐवजी खरेदीखत होऊ लागले आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडीच राहिले. म्हणून पुढे कलम १०अ जोडून, खरेदी ही वस्तुतः गहाण होती हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावाही ग्राह्य धरण्यात आला.

१०/ आज १९६३ चा मुदत कायदा लागू आहे. गहाणावरील रकमेच्या वसुलीस १२ वर्षे आणि गहाण जमीन सोडवून घेण्यास ३० वर्षे. पूर्वी त्यासाठी ६० वर्षे होती. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने सही करून कर्ज लेखी मान्य केले, तर मुदत आजही नव्याने मोजली जाते. दीडशे वर्षांपूर्वी अंगठ्याने जे होई, ते आज सहीने होते.