लाज, आघात आणि मदतीचे दार : पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृहापासून निठारीपर्यंत

प्रस्तावना

समाजकार्य आणि समुपदेशनाच्या अभ्यासात ‘आघात’ हा शब्द वारंवार येतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आघातोत्तर ताणविकाराला आपल्या निदानसूचीत स्थान दिले आणि ही संज्ञा जगभर रूढ झाली. मात्र आघाताबरोबर येणारी लाज मदतीच्या आड कशी येते, हे आपल्याकडे त्याच्या शंभर वर्षे आधी काही जणांनी ओळखले होते. लाज वाटणारी व्यक्ती मदत मागायलाच येत नाही. म्हणून मदत करणाऱ्याला आधी आपल्या दाराचा विचार करावा लागतो. या पाठात त्या दृष्टीने काही प्रसंग पाहू.

बालहत्या प्रतिबंधक गृह

एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण विधवांना पुनर्विवाहाची मुभा रूढीने नव्हती. १८५६ च्या कायद्याने असा विवाह वैध ठरवला, तरी समाज बदलला नव्हता. अशा विधवेला दिवस गेले, तर दोष तिच्याच माथी येई. १८८४ च्या एका निवेदनात जोतीराव फुले यांनी काशीबाई नावाच्या विधवेची हकीकत दिली आहे. ती त्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. त्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या औषधांनी गर्भपात झाला नाही. मूल जन्मल्यावर अब्रूच्या भीतीने तिने त्याचा जीव घेतला आणि प्रेत विहिरीत टाकले. तिला जन्मठेप, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या हकिकतीत शिक्षा झाल्याचा उल्लेख फक्त तिच्याबाबत आहे, शास्त्र्याबाबत नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ च्या सुमारास पुण्यात आपल्या राहत्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्याच्या जाहिराती लावल्या. येथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हावे. मूल न्यावे की ठेवून जावे, हे स्त्रीने ठरवावे, असा त्यांचा आशय होता.

१८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. उरलेल्या तीस मुलांच्या मृत्यूचे कारण, फुल्यांच्या मते, गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधे हे होते. म्हणजे दार उघडे असूनही स्त्रिया तेथे पोहोचेपर्यंत लाजेने आपले काम केलेले असे. फुले दांपत्याने अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला.

मथुरा खटला : न्यायालयातील लाज

विसाव्या शतकात मदतीची अधिकृत दारे वाढली, पण त्या दारांवरच लाज नव्याने निर्माण होऊ लागली. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वायुष्यावर ठपका ठेवून आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. मात्र १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमांच्या खुणा नसल्याचा आधार घेत त्यांची मुक्तता केली. भीतीने शरीर गोठून जाते, हा आघाताचा साधा परिणाम येथे संमतीचा पुरावा ठरला.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेची ओळख छापणे गुन्हा ठरले. तसेच कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली.

पोलिस ठाणे आणि रुग्णालय

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. येथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसत, पण त्या पोलिस नव्हत्या. २००१ मध्ये मुंबई महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडले. रुग्णालयच का? मार खाल्लेली किंवा विष घेतलेली बाई तेथे येतेच. आणि दवाखान्यात का गेलीस, असे शेजारी सहसा विचारत नाहीत. फुल्यांच्या गुप्त प्रसूतिगृहामागचा विचार येथे नव्या रूपात दिसतो.

निठारी : गरिबांची लाज

हा प्रश्न फक्त लैंगिक अत्याचारापुरता नाही. नोएडाच्या सेक्टर ३१ लगतच्या निठारी गावातून अनेक मुले बेपत्ता झाली होती. पालक बहुतांशी मोलमजुरी करणारे, बरेचसे स्थलांतरित. ते ठाण्यावर गेले तेव्हा अनेकांची तक्रार गांभीर्याने घेतली गेली नाही. मूल पळून गेले असेल, असे ऐकावे लागले. या एका वाक्याने शोध थांबतो आणि संशय पालकांच्या घरावर येतो. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात मानवी अवशेष सापडले. पुढे खटल्यांतील आरोपी वरिष्ठ न्यायालयांतून निर्दोष सुटले, त्यामुळे कुटुंबांना न्यायालयाकडूनही अखेरचे उत्तर मिळाले नाही. मे २०१३ मध्ये, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता मुलांच्या तक्रारी प्रथम माहिती अहवाल म्हणून नोंदवण्याचा आदेश दिला.

सारांश

या सर्व प्रसंगांत लाज पीडित व्यक्तीच्या स्वभावातून आलेली नाही. ती शेजारी, न्यायाधीश किंवा ठाणे अंमलदार यांच्या प्रश्नांतून आली. म्हणून मदत करणाऱ्याने पहिला प्रश्न काय विचारावा, हे कामाचा भाग आहे. गोपनीयता आणि लपवाछपवी यांतला फरकही येथे कळतो. काय सांगायचे आणि कोणाला, हे त्या व्यक्तीने ठरवले तर ती गोपनीयता. समाजाने तिला गप्प बसवले तर ती लपवाछपवी. मुलाचा निर्णय आईवर सोपवणाऱ्या त्या जाहिरातीने हा फरक दीडशे वर्षांपूर्वी पाळला होता.

स्वाध्याय

१. पस्तीस बाळंतपणांपैकी तीस मुले दगावली, यावरून संस्थेचे अपयश सिद्ध होते का? चर्चा करा.
२. तुमच्या गावातील पोलिस ठाणे किंवा रुग्णालयात तक्रारदाराला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? त्याचा परिणाम लिहा.