उंदीर पडला की गाव उठायचं

बेळगुंदीच्या आमच्या शेतात बांधाच्या वरच्या अंगाला चार सपाट जागा आहेत. आजी तिथं रताळ्याचा वेल लावू द्यायची नाही. म्हणायची, "त्या आमच्या पिलेगातल्या खोपी." घरात उंदीर पडला की दाराला कडी घालायची अन् दाणागोटा, जनावरं घेऊन सगळ्यांनी शेतात राहायला जायचं. दवंडी पिटायला वेगळा माणूस नको, मेलेला उंदीर पुरे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत ओळखला गेलेला प्लेग पुढं बेळगाव जिल्ह्यातही उतरला. पॉल-लुई सिमों या डॉक्टरनं 1898 साली उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, तरी डॉक्टरमंडळींना ते पटायला वर्षं गेली. खेड्यांना पिसू ठाऊक नव्हती, पण उंदीर पुरता ठाऊक होता.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मला वेगळंच कोडं पडायचं. गावाला उंदीर सावध करतो, मग जंतू काखेत-जांघेत बेसुमार वाढेपर्यंत शरीर गाफील कसं?

आपल्या पेशींवर टीएलआर-4 नावाचा पहारेकरी असतो. शास्त्रज्ञ बॉयटलरच्या चमूनं त्याचं काम 1998 मध्ये ओळखलं. 2011 च्या नोबेलात त्या शोधाचा वाटा होता. कित्येक जंतूंच्या बाह्य आवरणातल्या स्निग्ध रेणूला सहा शेपट्या असतात. त्या हाताला लागल्या की हा ओरडतो. पिसवेच्या थंड पोटात प्लेगच्या जंतूलाही सहाच असतात. माणसाच्या 37 अंशांच्या उबेत आला की नव्या पिढ्या चारच शेपट्या घालतात. पहारेकरी चाचपतो अन् सोडून देतो. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी जंतूला उबेतही सहा शेपट्या करायला लावल्या, तर त्यानं उंदीर मरेनात! (कोडं सुटलं तेव्हा मी निवृत्तीला टेकलो होतो.)

प्लेगच्या त्याच काळात हाफकिन या शास्त्रज्ञानं लशीसाठी हे जंतू वाढवले ते तुपाचे थेंब तरंगणाऱ्या रश्श्यात, मग उष्णतेनं मारले. 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली, तापही आला. पुढच्याच वर्षी हुबळीत हजारोंनी टोचून घेतलं.

आजीनंही नंतर कधीतरी टोचून घेतलं होतं. दोन दिवस तापानं फणफणली, दंड सुजला. माझा आपला तर्क, लशीतले जंतू माणसाच्या उबेत नव्हे, रश्श्यात वाढलेले, म्हणून तो ताप म्हणजे पहारेकऱ्याची हाकच. पण पुढच्या खेपेला टोचणारा आला तेव्हा ती आधीच खोपीत जाऊन बसली होती.