गावी नेणारी आगबोट

मराठीत 'बोट लागणे' या शब्दांचे दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते, आणि बोट माणसालाही लागते, म्हणजे पोटात ढवळून उलट्या होतात. मुंबई-गोवा आगबोटीने ये-जा करणाऱ्या आपल्या आधीच्या पिढ्यांना हे दोन्ही अर्थ एकाच प्रवासात कळत. हल्ली क्रूझच्या जाहिराती पाहिल्या की वाटते, सहकुटुंब समुद्रप्रवास ही जणू नवीनच कल्पना निघाली आहे. पण गोव्यातल्या कितीतरी घरांनी तो पिढ्यान् पिढ्या केला आहे. फरक इतकाच की ती सहल नव्हती.

क्रूझचा जन्म सहलीसाठीच झाला. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असे, प्रवासी कमी आणि मोठमोठ्या बोटी रिकाम्या. म्हणून हॅम्बुर्गच्या कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी 1891 च्या जानेवारीत 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट 241 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात फिरायला पाठवली. हौसेने फिरायचे आणि घरी परतायचे. आधुनिक क्रूझची सुरुवात बहुधा या फेरीपासून धरतात.

आपल्या किनाऱ्यावरच्या आगबोटींचे काम वेगळे होते. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून निघून कोकणची बंदरे घेत घेत खाली येत. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी मांडवीतून पणजीचा धक्का. सुमारे एक दिवस आणि एक रात्र बोटीवर काढावी लागे. गिरगावात बिऱ्हाड करून राहिलेला कारकून, धोबीतलावच्या कुडीत राहणारा तारवटी, कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेले मुंबईकर कुटुंब, सगळे याच बोटीचे उतारू.

आता या प्रवासाच्या तयारीचा विचार करा. तिकीट बहुतेकांचे डेकचे, कारण केबिन परवडायची नाही. डेकवर जागेला नंबर नसे. जो आधी वळकटी पसरेल त्याची जागा! म्हणून भाऊच्या धक्क्यावर हमालाला चार पैसे जास्त देऊन आधी आत पिटाळायचे आणि चादरी अंथरून जागा अडवायची. (ज्यांच्यावरून धक्क्याला हे नाव पडले ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य.) मग ट्रंका, फिरकीचा तांब्या, दशम्यांचे डबे, उलटी होऊ नये म्हणून लिंबू, आले, आवळासुपारी. पोरांना कठड्यापासून लांब ठेवायचे, म्हाताऱ्यांना वारा लागू द्यायचा नाही. पुरुषमंडळी डेकवर पत्ते कुटत बसली तरी हा सगळा कारभार घरातल्या बायका सांभाळत.

मधल्या बंदरांवर उतरणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. बऱ्याच ठिकाणी बोट काठाला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. मग काठावरून पडाव यायचे. रात्र असो, लाटा असोत, पडाव वर आला की पाऊल टाकायचे. तान्ही मुले एका हातातून दुसऱ्या हातात दिली जात. खलाशाच्या हाताच्या भरवशावर माणसे आपली लेकरे सोपवत होती.

गोव्याच्या उतारूला आणखी एक अडथळा होता. मुंबईत इंग्रजांचे राज्य, इथे पोर्तुगीजांचे. पणजीला उतरले की आल्फांद, म्हणजे कस्टम, पार केल्याशिवाय घर नाही. लग्नासाठी मुंबईत घेतलेले कापडचोपड तिथे उघडून दाखवावे लागे. पुढे 1954-55 मध्ये गोवामुक्तीचा लढा तापला, नाकेबंदी झाली आणि एकाच घरातली माणसे दोन बाजूंना अडकून पडली. बोटीचा रस्ता मोकळा व्हायला 1961 ची मुक्ती यावी लागली.

पण मला या इतिहासातली सगळ्यांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वाटते ती पंचांगाची. पावसाळ्यात ही बोट बंद असे. समुद्र खवळलेला, आग्वादच्या तोंडावर मांडवीत वाळूचा बांध. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाट बघायची. आणि आपला सगळ्यांत मोठा सण, चवथ, येते भाद्रपदात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात! त्यामुळे अनेक वर्षी चवथीला बोट मिळतच नसे. मग आगगाडीने यायचे. मुंबईहून पुणे, तिथे (नंतरच्या काळात मिरजेला) गाडी बदलायची, लोंढा, कॅसलरॉक, कुळे. पोर्तुगीज अमदानीत कॅसलरॉकला एक तपासणी आणि कुळ्याला दुसरी. ज्यांना हा खर्च झेपत नसे त्यांची चवथ मुंबईच्या खोलीतच होई. आगबोट मिळायची ती मुख्यतः मे महिन्याच्या सुट्टीत. मुलांना गाव दिसे ते आंब्या-फणसांच्या दिवसांत, माटोळीच्या दिवसांत नव्हे. घराने कधी एकत्र यायचे हे समुद्र ठरवत होता.

समुद्राची भीती काल्पनिक नव्हती. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती गोव्याची बोट नव्हती, पण त्यानंतर किनाऱ्यावरच्या कुठल्या आईने निर्धास्तपणे पोरांना बोटीत बसवले असेल? तरी लोक जात राहिले, कारण जाणे भाग होते.

मुक्तीनंतर चौगुले कंपनीच्या बोटी आल्या. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. 1973 साली संसदेने 'कोकण पॅसेंजर शिप्स (ॲक्विझिशन) ॲक्ट' हा खास कायदा करून कोकणच्या प्रवासी बोटी सरकारकडे घेतल्या आणि सेवा मोगल लाइनकडे गेली. हाजींना जेद्दाला नेणारी ती हीच कंपनी. कोकणच्या उतारूंसाठी देशाच्या संसदेने कायदा करावा, ही लहान गोष्ट नव्हे. त्यामागे बोट ही लोकांची गरज आहे, ती नफ्या-तोट्यावर सोडता येत नाही, ही समजूत होती. तरीही 1980 चे दशक सरता सरता बोट बंद झाली. कोकण रेल्वे पूर्ण झाली 1998 साली. मधली वर्षे लोकांनी रात्रभर घाटातून बस हाकत काढली. 1990 च्या दशकात जलद कॅटामरान आली, सात-आठ तासांत पोचवायची, पण तीही टिकली नाही.

2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली तेव्हा जुनी बोट परत आली म्हणून अनेकांना भरून आले. पण ती जुनी बोट नव्हती. रत्नागिरीच्या म्हातारीला त्यातून माहेरी जाता येत नव्हते. 2020 नंतर तीही थांबली. जानेवारी 2022 मध्ये दुसरी एक क्रूझ सुमारे दोन हजार माणसे घेऊन मुरगावला आली. 66 जणांना कोविड निघाला आणि शेवटी बोट मुंबईला परत गेली. सुट्टी गेली, पैसे गेले, मनस्ताप झाला. तरी सगळे जिथून निघाले तिथे पोचले. जुन्या आगबोटीच्या उतारूला परत फिरवले असते तर त्याचे घरच दुरावले असते.

क्रूझने जरूर जावे, त्यात वाईट काही नाही. आपल्या गोव्यातली कितीतरी मुले जगभरच्या क्रूझवर नोकरी करतात, त्यांची घरे त्यावरच चालतात. मला खंत वाटते ती बंदरांची. क्रूझ विजयदुर्ग, देवगड लांबून पाहून पुढे जाते. आगबोट तिथे थांबत होती, हाल करून का होईना, माणूस उतरवत होती. ज्यांच्या घरात त्या प्रवासाची माणसे अजून आहेत त्यांनी त्यांना जरूर विचारून घ्यावे की कोणत्या बंदरावर पडाव यायचा, कोण घ्यायला यायचे, डब्यात काय असायचे. कायद्याची तारीख दप्तरात सापडते. हे मात्र कुठल्याही दप्तरात नाही.